खंडेनवमीला चाललेला साचा

मी लहान असताना आमच्या घरात माणसं ओरडून बोलायची. भांडण नसायचं, रागही नसायचा. बाबा गिरणीत साचेखात्यात होते. आमच्याकडे मागाला साचा म्हणतात. शेकडो साचे एका छपराखाली धडधडत असले की शेजारच्या माणसाच्या कानात तोंड घातलं तरी ऐकू जात नाही. तिथून शिफ्ट करून आलेला माणूस घरीही तसाच बोलतो. "च्या दी" म्हटलेलं तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचायचं. शिवाय ते हातांनी बोलायचे. साचेवाल्यांच्या आपसातल्या खुणा असत. बोटांची चिमूट करून झटकन उघडली म्हणजे सूत तुटलं. मूठ वळून छातीकडे ओढली म्हणजे साचा चालू कर, कारण साच्याचा दांडा तसाच ओढायचा असतो. आई चहा ठेवायला विसरली की बाबा गॅलरीतून मूठ ओढून दाखवायचे. आई म्हणायची, "मी साचो नाय हा तुमचो." पण स्टोव्हला पंप मारायला उठायची.

मी तो साचा पाहिला होता, पण थांबलेला. गिरणीत बाहेरच्या माणसाला आत सोडत नसत. वर्षातून एकच दिवस दरवाजा उघडा असे, तो म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी यंत्रं धुवून पुसून त्यांची पूजा व्हायची. झेंडूचे हार, आंब्याचे डहाळे, हळद-कुंकू, नारळ. कामगारांच्या घरची माणसं नवे कपडे घालून यायची आणि आपला माणूस कुठे उभा राहतो ते बघून जायची. बाबांनी मला उचलून त्यांच्या साच्यावर हात ठेवायला लावला. तेलाचा आणि झेंडूचा मिळून एक वास होता, तो मला आजही कुठेही ओळखता येईल.

"चालू करा ना," मी म्हणाले.

"आज नाय. आज तेचो दिवस. पूजेच्या दिवशी यंत्राक हात लावूचो नाय."

मी तिथेच भोकाड पसरलं. मी हट्टी होते, अजून आहे. शेवटी बाबांनी कबूल केलं की जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, मस्का मारून कधीतरी शिफ्टच्या वेळी मला गुपचूप आत नेतील आणि चालू साचा दाखवतील. प्रसादाच्या पेढ्यापेक्षा मला ते कबूल करणं जास्त गोड लागलं. सगळ्या चाळीला मी सांगून आले.

मग संप झाला.

त्याबद्दल लिहिणाऱ्यांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला आठवतं ते एवढंच की भोंगा बंद झाला आणि सकाळी कधी उठायचं ते कुणाला कळेना. आईने खाणावळ चालवून पाहिली, पण जेवणारेच गावी गेले होते. बाबा रोज दरवाजावर जात. एके दिवशी दरवाजाशेजारच्या मारुतीसमोर उभे राहून ते बोलले, की कामाला बोलावतील तेव्हाच ह्या दरवाजातून आत जाईन, एरवी नाही. त्यांना कुणी बोलावलं नाही. पुढे ते परळला इस्पितळासमोरच्या औषधाच्या दुकानात लागले आणि तिथेच म्हातारे झाले. दुकानात जायला गिरणीवरून सरळ रस्ता होता, पण ते भोईवाड्याच्या बाजूने वळसा घालून जायचे. आम्ही कुणी कधी विचारलं नाही. चालू साच्याचंही मी परत नाव काढलं नाही. तेवढी अक्कल मला त्या वयातही होती.

मी शिकले, संगणकात पडले, चार नोकऱ्या केल्या. आणि देवाला थट्टा सुचते म्हणतात तशी पाचवी नोकरी नेमकी त्या गिरणीच्या जागेवर लागली. साचेखातं होतं तिथे आता काचेचा टॉवर आहे. चिमणी तेवढी शिल्लक ठेवली आहे, खाली कारंजं आणि कॉफीचं दुकान. दरवाजाची दगडी कमानही तशीच ठेवली आहे, तिला रंग देऊन. तिच्याखालून मी गळ्यात ओळखपत्र घालून आत जायचे.

पहिल्याच दिवशी घरी स्पष्ट सांगून टाकलं. बाबांनी ऐकलं. मग विचारलं, "खंयच्या खात्यात?"

मी म्हटलं, "गाडीच्या. ड्रायव्हरशिवाय चालणारी गाडी बनवतोय. तिचं डोकं आम्ही लिहितो."

"म्हणजे साचोच," बाबा म्हणाले. "आपणच चलतलो, आपणच थांबतलो."

त्या दिवसापासून आमच्या घरात गाडीचं नाव साचा पडलं. संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत गॅलरीतून प्रश्न यायचा, "आज चललो काय गो तुझो साचो?"

माझं उत्तर ठरलेलं असे. "चालला, पण थांबला."

"सूत तुटला असतला," बाबा म्हणायचे आणि बोटांची चिमूट उघडून दाखवायचे.

त्यांना वाटायचं मी नम्रपणे बोलते. खरं तर गाडी थांबायचीच. रस्त्यावर ती एकटीने चालवायची परवानगी नव्हती. बाहेर आमचा ड्रायव्हर चालवायचा आणि संगणक नुसता बघत, अंदाज करत बसायचा. तिला तिची तिने चालू द्यायचं ते गिरणीच्या आवारातल्या रस्त्यावर, चिमणीला फेरी मारून परत. तिच्या टपावर एक गोल डबा होता, लायडर. तो प्रकाशाचे किरण सोडून भोवतालची प्रत्येक वस्तू किती लांब आहे ते मोजतो. शिवाय चारी बाजूंना कॅमेरे. इतके डोळे असून पहिला महिनाभर ती एका फलकासमोर उभी राहायची. कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फलक होता. त्यावर भाऊ आणि त्यांना शुभेच्छा देणारी पंधरा-वीस डोकी. आमची गाडी त्या सगळ्यांना रस्ता ओलांडायला वाट देत होती. भाऊ काही हलेनात. आम्ही तिला शिकवलं की छापलेली माणसं माणसं नसतात. तर ती पाठीमागे नट्यांची चित्रं असलेला छापील शर्ट घातलेल्या एका पोराच्या अंगावर निघाली. ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून बरं. एक सांधावं तर तेरा तुटतात असं आई म्हणते, ते आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लिहून ठेवायला हवं होतं.

सगळ्यात जास्त रडवलं ते हातांनी. आपली माणसं रस्ता कशी ओलांडतात ते जगातल्या कुठल्याही पुस्तकात नाही. गाडीकडे न बघता, फोनवर बोलत, एक हात नुसता बाजूला धरायचा, की झालं. तो हात म्हणजे हुकूम. गाडीने थांबायचंच. ते आम्ही शिकवलं. मग कळलं की तोच हात जरा हलवला तर "जा बाबा तू आधी" असा अर्थ होतो. आणि दोघं मित्र कडेला उभे राहून क्रिकेटवर बोलत असले तर त्याच हाताला काहीच अर्थ नसतो. गाडीला तिन्ही सारखेच. कॉफीच्या दुकानाबाहेर कुणी तावातावाने बोलायला लागलं की गाडी दहा हातांवर थांबून त्यांचं संपायची वाट बघायची. मी स्वतः हातवारे करत बोलते, साचेवाल्याची मुलगी. त्यामुळे चाचणीच्या वेळी मला खिशात हात घालून उभं राहावं लागे. आमचा प्रमुख पुण्याचा, माझ्याहून पुष्कळ लहान आणि फार सभ्य. तो म्हणायचा, "ताई, प्लीज, हात." मला त्याचा इतका राग यायचा की एकदा मी पदरात, म्हणजे ओढणीत, दोन्ही हात गुंडाळून उभी राहिले.

तरी ते दिवस मला आठवतात ते आनंदानेच. कारण महिनाभर डोकं आपटल्यावर एका दुपारी गाडी त्या क्रिकेटवाल्यांजवळ आली, जरा मंदावली, आणि त्यांना सोडून पुढे गेली. एवढंच. आम्ही पाच-सहा शिकलेली माणसं रस्त्यात उभी राहून नाचलो. कॉफीवाला विचारायला आला की काय लॉटरी लागली.

चाळीत सगळे असे खूश नव्हते. खालच्या मजल्यावर एक टॅक्सीवाले काका राहायचे. ते मला जिन्यात गाठून म्हणायचे, "काय बाई, आमच्या पोटावर पाय कधी आणतेस?" हसून म्हणायचे, पण म्हणायचे. माझ्याकडे ऑफिसात शिकवलेली उत्तरं होती, ती मला जिन्यात आठवत नसत. बाबांनी तो प्रश्न मला कधीच विचारला नाही. त्यांना विचारायचा अधिकार सगळ्यांत जास्त होता, म्हणून त्यांचं न विचारणं मला जास्त टोचायचं.

मला एकच हवं होतं. बाबांनी एकदा येऊन ती गाडी चालताना बघावी. घरापासून ऑफिस हाकेच्या अंतरावर. मी किती तऱ्हांनी विचारलं. रागावले, रुसले, आईकरवी सांगून पाहिलं. बाबा म्हणायचे, "बोललंय ता बोललंय. मारुतीसमोर बोललंय." मागच्या फाटकाने न्यायचीही मी युक्ती काढली. तर म्हणाले, "मागल्या दारान चोर जातत."

मग आमच्या ड्रायव्हरच्या मनात पूजा आली. तो शीव कोळीवाड्याचा, बापाची होडी भावाकडे, हा गाड्यांवर. त्या आठवड्यात गाडीने छळवाद मांडला होता. तिचं तोंड चिमणीकडे वळलं की ती जागची हलत नव्हती, आणि कारण कुणाला सापडत नव्हतं. ड्रायव्हर मला म्हणाला, "ताई, आमची होडीपन नारल दिल्याशिवाय पान्यात जात नाय. तुमी हिला एक नारल नाय दिला अजून. अडनारच ती." प्रमुखाला कल्पना आवडली. त्याने सगळ्यांना कळवलं की खंडेनवमीला गाडीची पूजा करू, घरच्यांना घेऊन या, त्यांना एकेक फेरी मारून आणू.

मी घरी आले आणि गॅलरीतून नेहमीचा प्रश्न यायच्या आधीच बोलले, "बाबा, खंडेनवमीला आमच्याकडे पूजा आहे. कामगारांच्या घरच्या माणसांना आत सोडणार आहेत."

मुद्दाम असे शब्द जुळवले नव्हते. तोंडातून आले तसे आले.   दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दाढी करताना आरशात बघतच म्हणाले, "कामगार म्हणान नाय येत मी. कामगाराच्या घरचो म्हणान येतंय. ताच्याक मारुती काय म्हणूचो नाय."

आई पोळी लाटता लाटता थांबली. मी न्हाणीत जाऊन रडले. घरात रडायला दुसरी जागा नव्हती.

खंडेनवमीला बाबा पांढरा लेंगा-शर्ट घालून निघाले. आईला गुडघ्यांमुळे तीन मजले उतरवत नव्हते, तिने डब्यात साखरफुटाणे दिले. आम्ही भोईवाड्याच्या बाजूला वळलो नाही, सरळ गेलो. मारुतीला हात जोडून बाबा कमानीखाली आले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. लहानपणी गर्दीत मी त्यांचा धरायचे तसा. आत आल्यावर ते इकडेतिकडे बघत राहिले. काच, झाडं, कारंजं. मला भीती वाटत होती की ते काहीतरी बोलतील. ते चिमणीकडे बघून म्हणाले, "ही तेवढी वळखता माका." मग पुढे चालायला लागले.

पूजा ड्रायव्हरने केली, आणि हात राखून केली नाही. बॉनेटवर हळद-कुंकवाची स्वस्तिकं, चाकांखाली लिंबं, आणि दादरहून आणलेला हाताएवढा जाड झेंडूचा हार थेट टपावरच्या डब्याला, तीन वेढे देऊन. वर धूप. बाबांनी पुढे होऊन गाडीच्या दरवाजावर हात ठेवला, सगळा पंजा टेकून. मला तो वास आला. तेल नव्हतं, तरी आला.

नारळ फुटला, साखरफुटाणे वाटून झाले आणि प्रमुख म्हणाला, "चला, पहिली फेरी काकांची." आम्ही बसलो. बाबा ड्रायव्हरशेजारी पुढे, मी मागे. गाडी चालू केली तर पडद्यावर लाल अक्षरं आली, की काही दिसत नाही, जागची हलणार नाही. दिसेल कसं? जगातला सगळ्यात महागडा डोळा आम्ही झेंडूत पुरून ठेवला होता. लायडर काय असतं हे माहीत असलेली सगळी माणसं तिथे हजर होती आणि हार घालताना प्रत्येकाने फोटो काढला होता.

बाहेर सगळे हसत सुटले. प्रमुख हार काढायला पुढे झाला, तर ड्रायव्हरने त्याला अडवलं. "सर, पूजेचा हार हाय. आज कसा काढनार? असू दे ना, उद्या फिरवू." प्रमुख पुण्याचा असला तरी त्याच्याही घरी खंडेनवमी होतीच. त्याने हात मागे घेतला. "खरंय. फेऱ्या ठरवताना सुचलंच नाही, आज तिचा विश्रांतीचा दिवस. काका, तुम्ही उद्या याल ना?"

मला हसू येईना. मला माहीत होतं की उद्या नाही. उद्या ते कामगाराच्या घरचे नसतील. वर्षातला हा एकच दिवस होता आणि त्यांचं वय बघता पुढच्या वर्षाचा भरवसा कुणी द्यावा? पण हार काढा असं माझ्याच्याने म्हणवेना. पूजेच्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही हे मला ज्यांनी शिकवलं ते समोर बसले होते.  इतक्या वर्षांनी पुन्हा भोकाड पसरावंसं वाटत होतं.

बाबांनी दार उघडलं. सावकाश खाली उतरले. टाचा उंचावून त्यांनी टपावरचा हार एकेक वेढा करून सोडवला, एक फूल पडू दिलं नाही, आणि तो नीट घडी घालून माझ्या मांडीवर ठेवला. मग डब्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि ते परत आपल्या जागी येऊन बसले.

"बाबा, आज त्याचा दिवस ना?" मी म्हटलं.

"तुका चलतो साचो दाखवतलंय म्हणान सांगितलंय. ता ऱ्हवला ता ऱ्हवलाच." ते नेहमीसारखे ओरडूनच बोलत होते, सगळे ऐकत होते. "ह्यो ऱ्हवाक नको. चालू कर."

त्यांच्या ते लक्षात होतं. इतकी वर्षं मी समजत होते की ती गोष्ट फक्त माझ्याकडे आहे.

ड्रायव्हरने स्टिअरिंगवरून हात काढून मांडीवर ठेवले. गाडी निघाली. आवाजच नाही तिला, बॅटरीवरची. बाबा मान तिरकी करून ऐकायचा प्रयत्न करत होते. चाक आपोआप फिरलं तेव्हा त्यांनी ड्रायव्हरचे हात बघितले, मग चाक बघितलं, मग परत हात. वळण घेऊन गाडी चिमणीसमोर आली आणि नेहमीप्रमाणे थांबली. रस्त्यात कुणीही नव्हतं. मागे बसून मी मनातल्या मनात गाडीला ज्या शिव्या दिल्या त्या खंडेनवमीला द्यायच्या नसतात.

बाबा घाबरले नाहीत. त्यांनी पुढच्या काचेकडे बघत बोटांची चिमूट करून उघडली. सूत तुटलं. जरा वेळ थांबले. त्या वेळात त्यांची पाठ सरळ झाली होती, खांदे मागे गेले होते, आणि डोळे बारीक करून ते समोर बघत होते. मग त्यांनी मूठ वळली आणि छातीकडे ओढली.

गाडी चालू लागली.

तिला ती खूण कळली नव्हती हे मी शपथेवर सांगते. कॅमेरे बाहेर बघत होते, आत नव्हे. ती का थांबायची आणि त्या दिवशी का निघाली ते आम्हाला पुढे पुष्कळ दिवसांनी सापडलं. कारंज्याचे उडणारे तुषार तिला भिंत वाटत होते. त्या क्षणी वाऱ्याने दिशा बदलली असेल. पण ड्रायव्हरने माझ्याकडे वळून कानाला हात लावले. आणि मी बघत होते ते बाबांकडे. मला चालू साचा कधी बघायला मिळाला नाही. साचेवाला मात्र मी त्या दिवशी बघितला.

फेरी संपल्यावर बाबांनी माझ्या मांडीवरचा हार उचलला आणि होता तसा डब्याला परत घातला. त्या दिवशी मग दुसरी फेरी झाली नाही, कुणी मागितलीही नाही.

आता ती गाडी तिथे नाही. कंपनीने सगळं काम दुसऱ्या शहरात हलवलं आणि मी दुसरीकडे लागले. रस्त्यावर ती एकटी धावायला अजून किती काळ लागेल ते मला सांगता येत नाही. जिन्यातल्या काकांचा प्रश्न तर अजून तसाच आहे.

पण त्या खंडेनवमीच्या संध्याकाळी आम्ही दोघं चाळीत परतलो. मी चप्पल काढत होते. बाबांची रोजची जागा रिकामी बघून आईने आतूनच हाक दिली, "चललो काय गो तुझो साचो?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा दारातून ओरडले. तळमजल्यापासून वरपर्यंत सगळ्या चाळीने ऐकलं.

"चललो!"